मागच्या सीटचं ओझं

माझ्या मुलाला घरी आल्यावर आई दिसत नाही, बायको दिसत नाही, भिंतीतला प्लग तेवढा दिसतो. दारातून आत येतो तो वायर ओढतच. पायातले बूटसुद्धा नंतर. चार्जरचा दिवा लागला की मग त्याच्या छातीत हवा जाते, आणि आमच्याकडे वळून विचारतो, "काय, चहा झाला का?" जणू आम्ही दोघी इतका वेळ अंधारात उभ्या होतो.

विजेवरची मोटरसायकल घेतल्यापासूनची ही तऱ्हा. पेट्रोलची होती तेव्हा हाच माणूस काटा लाल पट्टीत गेला तरी शीळ घालत फिरायचा. रस्त्यात बंद पडली तर ढकलत यायचा आणि गंमत म्हणून सांगायचा. आता गाडीत पोटभर वीज असते आणि ह्याच्या पोटात गोळा असतो. पुढच्या पडद्यावर आकडा दिसतो ना, किती टक्के राहिले त्याचा, त्या आकड्याने माझं पोरगं खाल्लं. पूर्वी रस्ता बघून गाडी चालवायचा, आता आकडा बघून चालवतो. एकदा सिग्नलला उभ्या टेंपोला मागून जाऊन चिकटला. मी म्हटलं, डोळे कुठे होते? तर म्हणाला, "अगं, अठ्ठ्याऐंशीचे एकदम शहाऐंशी झाले, मधला सत्त्याऐंशी कुठे गेला ते बघत होतो."

गल्लीत आता त्याला टक्के म्हणतात. नाव मीच ठेवलंय. आईने ठेवलेलं नाव टिकतं.

मला स्वतःला टक्के शिकायच्या आधीच शाळा सुटली. पण गाड्यांच्या सीटा शिवण्यात माझा जन्म गेला. खालच्या खोलीत माझं कारखान्याचं मोठं मशीन आहे, रेक्झिनच्या गुंडाळ्या आहेत, फोमचे तुकडे गुडघाभर पडलेले असतात. गाडीची सीट माझ्या टेबलावर आली की मालक कसा बसतो ते मला कळतं. एका कुशीवर कललेला, ब्रेक मारताना पुढे घसरणारा, मागे बायको आणि दोन पोरं कोंबून नेणारा. टक्केची सीट मी स्वतः शिवून दिली, मागच्या भागाला दुहेरी फोम घातला, सुनेला हादरे बसू नयेत म्हणून. तो मागचा भाग अजून दुकानाच्या काचेत ठेवल्यासारखा आहे. एक सुरकुती नाही. कारण मागे माणूस बसलं की टक्के जास्त जातात.

सुरुवात बायकोपासून झाली, मग तो गाडीच्याच मागे लागला. कुठे वाचलं कोण जाणे, गाडी हलकी असली की लांब जाते. हत्यारांची पिशवी काढली. एक आरसा काढला. मागे बसणाऱ्याने पाय ठेवायच्या पायदाण्यासुद्धा पान्याने सोडवून काढल्या आणि माझ्या फोम मोजायच्या काट्यावर ठेवून बघितल्या. चेहरा असा, की सोन्याच्याच आहेत. जेवणाचा डबा स्टीलचा होता तो प्लास्टिकचा केला. मी म्हटलं, "सगळ्यात जड वस्तू काढायची राहिलीच की." म्हणाला, कुठली? म्हटलं, "ती रोज हँडल धरून पुढे बसते." त्या दिवशी तो जेवताना माझ्याशी बोलला नाही. पोळ्या मात्र मोजून नेहमीइतक्याच खाल्ल्या.

आणि जातो कुठे, तर फरशीच्या गोदामात. तिथे कारकून आहे. बस दारासमोरून निघते आणि गोदामासमोर थांबते. इतक्या जवळ जाऊन यायला ह्याला रोज रात्रभर गाडी दुभती असल्यासारखी बांधून ठेवायची असते. त्यापलीकडे गाडी न्यायची म्हटलं की नको. बहिणीकडे नको, तिचं घर चढावर आहे. बाजारात नको, तिथे थांबत-निघत जावं लागतं. मित्राच्या घरी गेला तर आधी फोन करून विचारतो, तुमच्याकडे खाली प्लग आहे का. मित्रांनी बोलावणं बंद केलं. ह्याला वाटतं ते कामात आहेत.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. घरात एक खुळा असला तर घर चालतं. पण ह्याचं खूळ सुनेच्या पोटावर आलं.

माझी सून दातांच्या कवळ्या बनवते. म्हणजे बनवायची. डॉक्टर माप पाठवतो आणि लॅबमध्ये ही बसून मेणात एकेक दात उभा करते. तिने बसवलेले दात घालून माणूस हसला की त्याच्या घरच्यांनाही ते ओळखू येत नाहीत. मेण कापायच्या तिच्या स्वतःच्या सुऱ्या आहेत, लाकडी मुठीच्या, त्या ती कुणाला हात लावू देत नाही, मलासुद्धा नाही, आणि मला ते आवडतं. पण लॅबच्या मालकाने लॅब टेकडीपलीकडे हलवली. बस टेकडीच्या पायथ्याला जाऊन परत वळते. त्यापुढे मालाचे ट्रक तेवढे जातात. सुनेचं काम सुटलं. सुऱ्यांची पेटी कपाटावर गेली आणि ती माझ्या हाताखाली रेक्झिन कापायला बसली. तक्रार केली नाही. पण कापताना तिचे हात कंटाळलेले दिसायचे, आणि मी हात बघून माणूस ओळखते.

मग मालकाचा फोन आला. जुनी मुख्य बाई सोडून गेली होती. सोमवारी सकाळी ये, म्हणाला, पूर्ण कवळी माझ्यासमोर बसवून दाखव, हात तोच राहिला असेल तर टेबल तुझं. आणखी एक जण येणार आहे, वेळेवर ये.

सुनेने रात्रीच्या जेवणाला विषय काढला. "अहो, सोमवारी मला सोडाल का?"

"कुठे?"

"लॅबवर. टेकडीपलीकडे."

टक्केने तोंड उघडायच्या आधी मोबाइल उघडला. नकाशा काढला, बोटाने ताणला, परत आवळला. "जायला जाऊ," म्हणाला. "पण यायचं काय?"

"माझं मी बघीन. तुम्ही मला सोडा आणि परत या."

"तेच म्हणतोय. मी परत कसा येणार?"

"गाडीवर," मी म्हणाले.

"आई, तुला ह्यातलं कळत नाही. चढावर गाडी दुप्पट खाते."

"आणि उतारावर?"

"उतारावर थोडी वीज परत देते."

"म्हणजे तुझ्यापेक्षा बरी."

सून हसली नाही. ताटाकडे बघून म्हणाली, "गाडी विकणाऱ्याने सांगितलं होतं, इतकं जाऊन-येऊन निम्मीसुद्धा बॅटरी लागत नाही. मी तिथेच उभी होते."

"ते कागदावर गं. कागदाला वारा लागत नाही, थंडी लागत नाही, मागे वजन नसतं." मग आवाज मऊ करून म्हणाला, "आणि एक दिवस नेलं तरी रोजचं काय? इथे आईच्या मदतीला आहेसच की. बरं चाललंय."

माझी मदत मधे घातलेली मला खपली नाही. मी म्हटलं, "मला मदतीला बाई मिळेल. तू तिच्या नावाने माझा वापर करू नकोस."

हे सगळं माझा धाकटा भाऊ ऐकत होता. तो लिफ्टा दुरुस्त करतो, दोन गल्ल्या सोडून राहतो आणि भाच्याला टोचायला रोज चहाला किंवा जेवणाला येतो. त्याची पेट्रोलची मोटरसायकल त्याच्या लग्नाच्याही आधीची. तिचा काटा कधीच मेलेला आहे. पेट्रोल किती आहे ते बघायला तो गाडी दोन्ही हातांनी हलवतो, टाकीला कान लावतो, खळखळ ऐकतो आणि डॉक्टरने हरकत नाही म्हणावं तशी मान डोलावतो.

"भाचेबुवा," तो म्हणाला, "तुझी गाडी म्हणजे साखळीचं कुत्रं. साखळी संपली की मान आवळली. पोरी, तू माझ्या मागे बस. लॅबच्या दारात उतरवतो. आपल्याकडे पेट्रोल आहे, टक्के नाहीत."

"मामा, नक्की ना?" सुनेने विचारलं.

"मामाने शब्द दिलाय."

मी म्हटलं, "शब्द राहू दे. उद्या टाकी भर."

"ताई, टाकी काय, वाटेत भरू. पंप काय थोडे आहेत?"

हे असले दोन पुरुष माझ्या वाट्याला आलेत.

सोमवारी सून उजाडायच्या आत तयार होती. धुतलेले कपडे, केस घट्ट बांधलेले, सुऱ्यांची पेटी फडक्यात गुंडाळलेली. मामाच्या मागे बसली आणि पेटी मांडीवर घेतली. मी खिडकीतून बघितलं. भावाने निघण्यापूर्वी टाकीला कान लावला आणि मान डोलावली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

मशीनवर बसून मी एका सीटची अर्धी शिवण केली असेल, तोवर फोन.

"आई, गाडी बंद पडलीय. टेकडीच्या पायथ्याला. पेट्रोल संपलं."

"पंप?"

"शेवटचा पंप मागे राहिला. मामांना म्हटलं होतं थांबा, पण तिथे रांग होती." मग हळू आवाजात, "ते अजून टाकी हलवताहेत."

"रस्त्यात काही मिळतंय का?"

"दोन ट्रकना हात केला. थांबले नाहीत. आई, ती दुसरी बाई पोचली असेल."

रडत नव्हती. ती रडली असती तर मला कमी लागलं असतं.

मी वर गेले, तर टक्के आरशापुढे भांग पाडत होता. खाली त्याची गाडी चार्जरवरून सुटून तयार उभी होती. मी म्हटलं, "गाडी काढ. मामाचं पेट्रोल संपलं, बायको पायथ्याला उभी आहे."

"बघितलंस, मी म्हणत होतो ना पेट्रोलवाल्यांचं काही खरं नाही."

"ते नंतर म्हण. किती आहेत?"

"शंभर. पण आई, शंभर म्हणजे..."

"शंभराच्या वर कितीची वाट बघतोस?"

त्याला एकटं पाठवलं असतं तर तो कोपऱ्यावरून परत आला असता, हे मला माहीत होतं. म्हणून मी मागे बसले. माझं वजन मी लपवत नाही. गाडी खाली दबली तसा त्याचा चेहरा पडला. मी पाय ठेवायला गेले तर पाय हवेतच.

"पायदाण्या काढल्यात गं," तो पुढे बघत म्हणाला.

"मग मी पाय काय खिशात घालू?"

तशीच लोंबकळत्या पायांनी निघाले. ह्या वयात. चौकातली दुकानं उघडत होती, लोक बघत होते, मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा त्यांनी बघणं थांबवलं. हा मात्र सगळी वाट आकडे मोठ्याने वाचत होता, लिफ्टमध्ये मजले वाचावेत तसे. शहाण्णव. पंचाण्णव. "आई, थोडी वाकून बस, वारा अडतोय." त्र्याण्णव. "आई, सारखी बोलू नकोस."

"का, माझ्या बोलण्यानेही जातात?"

"माझं लक्ष जातं."

"लक्ष होतं?"

पायथ्याला भाऊ एका दगडावर बसला होता, हेल्मेट उलटं मांडीवर धरून. सून रस्त्याच्या कडेला उभी, पेटी छातीशी, नजर वर चढावर. आम्ही थांबल्यावर ती लगेच जवळ आली आणि मागच्या सीटकडे वळली. मग तिला दिसलं.

"पाय कुठे ठेवायचे?"

टक्के ओशाळला नाही. उलट त्याला सुटल्यासारखं झालं. "तेच तर. चढ मोठा आहे, ट्रक येतात, पाय घसरले तर? आणि दोघांचं वजन घेऊन वर गेलो तर पलीकडे पोचेपर्यंत... मी सांगतो, आपण त्यांना फोन करू. उद्या येते म्हणून सांग. उद्या मी काहीतरी सोय करतो."

"उद्या ते बोलावणार नाहीत," सून म्हणाली.

"कशावरून?"

"उद्या ती दुसरी माझ्या टेबलावर असेल."

भावाने दगडावरून तोंड घातलं, "ताई, मी जाऊन बाटलीत पेट्रोल आणतो की, किती वेळ लागतो." मी त्याच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

सुनेने पेटीचं फडकं सोडून परत घट्ट बांधलं. "मला चालवता येते," ती म्हणाली. "माहेरी भावाची चालवायचे. एकटी गेले तर पायदाण्यांचा प्रश्न नाही."

"ती पेट्रोलची होती. ही वेगळी आहे, हिला सांभाळून घ्यावं लागतं."

"मी दात सांभाळून बसवते."

"अगं, मधेच संपली तर? तू एकटी, त्या रस्त्यावर?"

"आत्ता मी एकटी कुठे उभी होते?"

त्याने हँडल सोडलं नाही. सून त्याच्या अगदी समोर आली. मी तिला इतकी वर्षं ओळखते, ती त्याच्याशी असं बोललेली मी ऐकली नव्हती. "माझ्याकडे बघून सांगा," ती म्हणाली. "जाऊ की नको? तुम्ही नको म्हणालात तर मी आत्ता आईंबरोबर घरी जाते आणि परत विषय काढत नाही."

टक्केने वर बघितलं नाही. त्याने पडद्याकडे बघितलं. अंगठ्याने काच पुसली आणि परत बघितलं.

मग मी पुढे झाले. लहानपणी तो मुठीत माती धरून बसायचा, तेव्हा मी एकेक बोट उलगडून मूठ सोडवायचे, तशी हँडलवरची बोटं उलगडली. त्याने जोर लावला नाही. लावला असता तर मला निदान तेवढं बरं वाटलं असतं. "उतर," म्हटलं. "बसायला एकाचीच जागा ठेवलीस ना, मग जिला जायचंय ती बसेल."

सुनेने पेटी पुढे मांड्यांच्या मधे घट्ट अडकवली, ओढून बघितली आणि निघाली. त्या गाडीला आवाज नसतो. चढावर एक वळण घेतलं आणि दिसेनाशी झाली. टक्के तिथेच उभा राहून म्हणाला, "जोरात नेतेय."

पंप बराच मागे होता. मी भावाच्या गाडीवर बसले आणि दोघांना ढकलायला लावलं.

"ताई, वजन पडतं," भाऊ म्हणाला.

"पडू दे. सीट मी शिवलीय, मला माहीत आहे किती सोसते."

एकाला भरलेली गाडी हलवायची भीती, दुसऱ्याला रिकाम्या गाडीची लाज नाही, आणि दोघं मिळून मला समजावत होते की चूक दुसऱ्याच्या गाडीची. वाटभर हेच. पेट्रोल बरं की वीज. भाऊ म्हणाला, माझं निदान बाटलीत मिळतं. टक्के म्हणाला, माझं निदान किती आहे ते कळतं. कळून काय केलंस, हे मी विचारलं तेव्हा त्याने जोरात ढकलायला घेतलं.

टक्के त्या दिवशी कामावर गेलाच नाही. दिवसभर खालच्या खोलीच्या दारात उभा. सुनेला फोन लावला, तिने उचलला नाही. "हात मेणात असतील," मी म्हटलं. त्याने परत लावला. मला वाटलं, आता तरी ह्याला बायकोची काळजी लागली. बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, आत बस, येईल ती. तर म्हणाला, "थांबावं लागलं तर कुठे चार्ज करेल? चार्जर तर मी घरीच ठेवतो, जड होतो म्हणून." मी मशीन सुरू केलं. त्याचा आवाज मोठा आहे, ते फार सोयीचं पडतं.

संध्याकाळी गाडी गल्लीत शिरली. सून उतरली, हेल्मेट काढलं. केस विस्कटलेले, कपड्यावर मेणाचा गुलाबी डाग, आणि तोंडावर काहीतरी सांगायचं होतं. दोन पावलं ती त्याच्याकडे आली. तो तिच्या बाजूने पुढे गेला आणि पडद्यावर वाकला.

"किती राहिले? बावन्न? बावन्न कसे काय राहिले?" त्याने काच पुसून परत बघितलं. आनंद मावेना. माझ्या भावाला हाक मारली, "मामा, बावन्न. टेकडी चढून, उतरून, परत येऊन बावन्न. म्हटलं नव्हतं मी, गाडी चांगली आहे."

सून पेटी घेऊन उभी. तोंडावर जे होतं ते तिथेच थांबलं, मग हळूहळू आत गेलं.

मी मशीन बंद केलं. "आणि काम?"

"मिळालं, आई," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "टेबल माझं. हाताखाली दोन मुली देणार आहेत. उद्यापासून ये म्हणाले."

"अरे वा," टक्के म्हणाला. वाकलेलाच होता, तिथूनच म्हणाला. "पण रोज कशी जाणार तू? एक दिवस ठीक आहे. रोज चढ म्हणजे बॅटरी लवकर खराब होते."

मी अंगावरचे रेक्झिनचे तुकडे झटकले, बाहेर आले आणि त्याला सरळ उभं राहायला लावलं. भाऊ होता, शेजारची दोन माणसं होती. असू देत म्हटलं.

"ऐक," मी म्हणाले. "सकाळी तू घाबरलास, ते मी समजून घेतलं असतं. घाबरायला कुणाची बंदी नाही. पण तू घाबरलास आणि घरी बसायचं होतं हिने, आणि त्याला तू काळजी म्हणालास, ते मला चालणार नाही. ती चढ चढून तिचं काम घेऊन आली, आणि तू विचारलंस ते यंत्राला विचारलंस. ही गाडी आजपासून तिची. किल्ली तिच्याजवळ राहील, आणि किती उरले हे ती तुला सांगणार नाही, तू विचारायचं नाही. उद्यापासून तू बसने जा. बसमध्ये तुझ्यापुढे आकडा नसेल, तेव्हा खिडकीतून बाहेर बघ, शहर होतं तिथेच आहे."